सेझमधल्या कारखान्यातली हवा कोण मोजणार? लागू कोणाला, कागद कोणते

अंधेरीच्या सीप्झसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रात (सेझमध्ये) गाळा मिळाला, विकास आयुक्तांचं मंजुरीपत्र हाती आलं, की पुढचं सगळं एकाच खिडकीवर उरकेल असा समज होतो. आयात-निर्यातीपुरता तो बराचसा बरोबर आहे. पण विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम, २००५ चं कलम ४९ शेवटपर्यंत वाचा. इतर केंद्रीय कायदे सेझपुरते बदलण्याची मुभा केंद्राला देताना त्यातून कामगार कल्याण आणि कामाची परिस्थिती हे विषय वगळले आहेत. त्यामुळे कारखान्याचा परवाना आणि कामाच्या जागेची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेच राहते. सगळे त्याला 'डिश' म्हणतात.

वीज वापरून २० किंवा विजेविना ४० कामगार असतील तर तुम्ही कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनं घेतली आहे. जुने नियम संहितेशी विसंगत नाहीत तिथवर चालतात. जुन्या कलम ७अ नं कामाच्या जागेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा कारभार ज्याच्या हाती त्याच्यावर, टाकली होती. दुसऱ्या अनुसूचीत ठराविक रसायनांच्या हवेतल्या मर्यादा होत्या. डिशचे लोक अजून त्याच भाषेत बोलतात, म्हणून ती माहीत असलेली बरी.

आता खरं काम. सीप्झमध्ये दागिन्यांची युनिट्स पुष्कळ. तिथं सोन्याचा हिशेब मिलिग्रॅममध्ये ठेवतात, धुळीचा कोणी ठेवत नाही. कास्टिंगच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या, साच्याच्या पावडरीत सिलिका असते; क्वार्ट्‌झ हा तिचाच एक प्रकार. तिची मर्यादा सूत्रानं काढतात: फुफ्फुसापर्यंत जाणाऱ्या धुळीतल्या क्वार्ट्‌झच्या टक्केवारीत २ मिळवायचे आणि त्यानं १० ला भागायचं. टक्केवारी ८ असेल तर दर घनमीटरला १ मिलिग्रॅम. म्हणजे नुसती 'एकूण धूळ' मोजणारा अहवाल इथं निरुपयोगी. क्वार्ट्‌झचं प्रमाण त्यात हवंच. पिकलिंगला (दागिने आम्लात बुडवून साफ करायला) नायट्रिक आम्ल वापरत असाल तर आठ तासांची सरासरी मर्यादा २ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २ भाग. पॉलिशिंगच्या मोटरींचा आवाज आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलच्या आत हवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एका गैरसमजामुळे. प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी चिमणीची आणि आवाराची हवा तपासलेली असते, तोच अहवाल डिशपुढे ठेवला जातो. चालत नाही. इथं नमुना कामगाराच्या नाकाजवळचा लागतो: कमरेला छोटा पंप, कॉलरला फिल्टर, आणि पाळीचं रोजचं काम चालू. नमुन्याच्या दिवशी अर्धी यंत्रं बंद ठेवली तर आकडे सुंदर येतात आणि पाळीच्या उत्पादन नोंदीशी जुळत नाहीत. अनुभवी निरीक्षक नेमकं तेच ताडून पाहतो.

फाइलमध्ये काय असावं? मंजुरीपत्र, कारखाना परवाना, मंजूर नकाशा, वापरातल्या प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक. त्यानंतर मोजणीची नोंदवही: विभाग, कच्चा माल, नमुन्याची जागा, घटक, नमुने किती, सरासरी, मोजण्याची पद्धत, तिथं किती जण काम करतात, आणि नमुना घेणाऱ्याची तारखेसह सही. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची घ्या, पण तुम्हाला हवा तो घटक तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का हे आधी पाहा. नुसतं बोधचिन्ह पाहून काम देऊ नका. पंपाचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक असल्याचं) प्रमाणपत्र अहवालाला जोडून मागा. नियमांनी ठरवलेल्या कामगारांची वैद्यकीय तपासणी वेगळी, वर्षातून एकदा, मोफत.

आकडा मर्यादेबाहेर गेला तर अहवाल दडपू नका. शोषण पंखा बसवा, ओली प्रक्रिया वापरा, मग पुन्हा मोजा आणि दोन्ही अहवाल एकत्र ठेवा. रसायन, यंत्र किंवा मांडणी बदलली तरी नव्यानं मोजणी. आणि एक प्रत मराठी-हिंदीत करून विभागात लावा. आपल्या जागेच्या सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क संहितेनं कामगाराला दिलेला आहे, तो मागेल तेव्हा कपाटाची किल्ली शोधत बसायला नको.