मिडीतला बाइट-क्रम: गोंधळ आला कुठून?

मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणारी सामाईक भाषा; आकडा अनेक बाइटांत पाठवताना कुठला बाइट आधी, तो बाइट-क्रम. १९८१ साली सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीपुढे एक प्रस्ताव मांडला: कुठल्याही कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरला जोडता यावा. रोलँड या जपानी वाद्य-कंपनीचे इकुतारो काकेहाशीही याच खटपटीत होते. जानेवारी १९८३च्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर जोडून दाखवले गेले आणि त्याच वर्षी मिडी १.० प्रसिद्ध झालं.

केबलवरून एका वेळी एकच बिट जातो, सेकंदाला ३१,२५०. सुटे बाइट एकामागून एक येतात, एवढंच. पहिल्या चॅनेलवरचा नोट-ऑन, म्हणजे 'स्वर सुरू कर' हा संदेश, हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात) ९० ४० ५० असा जातो: आधी स्टेटस (संदेश कुठला ते), मग स्वर, मग वेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते). स्टेटस बाइटचा सर्वांत वरचा बिट १, डेटाचा ०. त्यामुळे केबल मध्येच जोडली तरी नवा संदेश कुठे सुरू झाला ते वाद्याला कळतं. मिडीतला सगळ्यात शहाणा निर्णय मला हाच वाटतो.

पण त्यापायी डेटा बाइटला आठपैकी सातच बिट उरले. मोठा आकडा दोन बाइटांत तोडावा लागला आणि खरी गुंतागुंत तिथे झाली. पिच बेंडमध्ये, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणाऱ्या संदेशात, खालचे सात बिट आधी जातात. मधली स्थिती ८१९२ (६४ × १२८), म्हणजे दशमानात ० आणि ६४. हेच ६४, ० असे पाठवले तर किंमत ६४ होते आणि स्वर जवळजवळ तळाला जातो. रोलँडच्या सिस्टिम एक्सक्लुसिव्ह, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या खास संदेशांत मात्र वाद्याच्या मेमरीतल्या पत्त्याचा वरचा बाइट आधी!

पुढे विंडोजच्या 'मिडी-आउट-शॉर्ट-मेसेज' फंक्शनने तिन्ही बाइट एका ३२-बिटी आकड्यात भरले, स्टेटस सर्वांत खाली. वरचा नोट-ऑन तिथे ००५०४०९० दिसतो. तो उलटा वाटून अनेक जण हाताने फिरवतात. तशी गरज नसते. केबलवर ९०च आधी जातो.

१९८८च्या स्टँडर्ड मिडी फाइलने मात्र बिग-एंडियन, म्हणजे वरचा बाइट आधी, असा क्रम घेतला. हेडरची लांबी ६ असते. इंटेल प्रोसेसर लिटल-एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी ठेवणारा; त्यावर ती चार बाइटांची लांबी तशीच उचलली तर १०,०६,६३,२९६ होते.

२०२०च्या मिडी २.०मध्ये ३२-बिटी पॅकेट आलं. त्यात तोच नोट-ऑन २०९०४०५० असा सरळ वाचता येतो, पण लिटल-एंडियन संगणकाच्या मेमरीत बाइट ५० ४० ९० २० असेच दिसतात.