‘ऑटोमॅटिक’ कॅमेऱ्यात ऑटोमॅटिक काय असतं?

रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर कॉलेजच्या दोन मुली रोलच्या जुन्या प्लास्टिक कॅमेऱ्यानं फोटो काढत होत्या. ‘‘ऑटोमॅटिक आहे, फोकस आपोआप होतो,’’ एक म्हणाली. राहवेना, म्हणून मागून घेऊन पाहिला. लेन्सला फिरवायचं कडं नाही, मोटर नाही. आपोआप फोकस कसला, तो फोकस करतच नव्हता!

अशा कॅमेऱ्यांना ‘पॉइंट अँड शूट’ म्हणतात. रोखा आणि दाबा. मोठे कॅमेरे गळ्यात मिरवणारे त्यांना ‘पीएचडी’ म्हणून हिणवायचे: ‘पुश हिअर, डमी’, म्हणजे इथं दाब, ठोंब्या. खरा ऑटोफोकस बाजारात आला 1977 साली, कोनिकाच्या सी35 एएफमध्ये. पण त्याच्याशिवाय भागवण्याची युक्ती मला जास्त आवडते.

भिंग एका ठरावीक अंतरावरचाच ठिपका फिल्मवर ठिपका म्हणून उमटवतं. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे ठिपके पसरून चकत्या होतात. चकती 0.03 मिलिमीटरहून लहान असेल, तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोत डोळा तिला ठिपकाच समजतो. आणि भिंगातून उजेड आत सोडणारं छिद्र जितकं बारीक, तितकी चकती लहान. आता समजा, भिंगाचं नाभीय अंतर 35 मिलिमीटर आणि छिद्र एफ-8, म्हणजे नाभीय अंतराच्या आठव्या हिश्शाएवढं रुंद. 35चा वर्ग 1225. त्याला 8 गुणिले 0.03, म्हणजे 0.24नं भागा. उत्तर सुमारे 5100 मिलिमीटर. भिंग 5.1 मीटरवर रोखून कारखान्यातच चिकटवून टाकायचं, की त्याच्या निम्म्यापासून, अडीच मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं स्पष्ट! कठड्याजवळची मैत्रीणही आणि तळ्यातली होडीही.

बारीक छिद्रातून उजेड कमी येतो, म्हणून फ्लॅश. आणि तो लेन्सला खेटून. लेन्ससमोर वीतभर अंतरावरचा धुळीचा कण त्यात झळाळतो, अडीच मीटरच्या आत असल्यानं फुगून गोल चकती होतो, आणि व्हॉट्सॲपवर त्याचा ‘आत्मा’ होतो. घोडबंदर रोडला धुळीची ददात नाही, तेव्हा तिथं आत्मेही मुबलक.

कॅमेरा परत देताच दोघींनी तो हातभर लांब धरून स्वतःवरच रोखला आणि कळ दाबली. रोल अजून धुवायचा होता. मी काही बोललो नाही.