लक्षविचलक आवाज

चाललेल्या कामावरून किंवा ऐकण्यावरून अवधान आपल्याकडे ओढून घेणारा आवाज. जितका मोठा आवाज तितके विचलन, ही समजूत अर्धीच खरी. मेंदूला खरा टोचतो तो बदल. कोल्हापुरात देवल क्लबच्या मैफलीत तानपुरा तास-दोन तास झंकारतो आणि श्रोत्यांना जाणवेनासा होतो, पण मागच्या रांगेत मोबाइल एकदाच वाजला की माना वळतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगीच्या जलद ठेक्यातला एखादा ठोका निसटला, तर जोडीवर डोळे खिळलेल्या माणसाचाही मेंदू तो टिपतो.

हे टिपणे ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत, दिसते. बदल झाल्यापासून साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत श्रवणबाह्यकात (मेंदूच्या बाह्य थराच्या ऐकण्याशी संबंधित भागात) एक ऋण लहर उमटते, लक्ष दुसरीकडे असले तरी. फिनलंडचे रिस्टो नॅटानेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन केले. आवाज पुरेसा वेगळा असला तर ३०० मिलिसेकंदांच्या आसपास 'पी-३ए' ही धन लहर येते; लक्ष तिकडे वळल्याची ती खूण मानतात. त्यानंतर मूळ कामाकडे परतण्याची आणखी एक लहर. या फेरीत हातातले काम तेवढे रेंगाळते.

नको ते गाळण्याची ताकदही मोठी आहे. महाद्वार रोडच्या गर्दीत शेजारच्याचे बोलणे कळते, बाकीचा कालवा मागे पडतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवून याचा अभ्यास केला. मात्र गाळणी पक्की नाही : दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले, तर सुमारे एक-तृतीयांश लोकांना ते ऐकू येते (नेव्हिल मोरे यांचा प्रयोग, १९५९). मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांत २०१२ मध्ये दिसले, की दोन आवाज मिसळून ऐकवले तरी शंखखंडाच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) वरच्या बाजूच्या नोंदीत लक्ष दिलेलाच आवाज ठळक उमटतो.

अभ्यासात सर्वांत त्रासदायक ठरते ते दुसऱ्याचे बोलणे. आकड्यांची किंवा अक्षरांची मालिका क्रमाने लक्षात ठेवताना न कळणाऱ्या भाषेतले बोलणेही आठवण बिघडवते, असे १९७६ च्या एका प्रयोगात दिसले. म्हणजे राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत शेजारी कुणी कन्नडमध्ये हळू आवाजात बोलत असेल, तर 'मला कुठे कळतंय' म्हणून सुटका नाही. संभाषणाच्या पट्टीत आवाज थोडा लहान-मोठा झाल्याने इथे फारसा फरक पडत नाही. म्हणून शांतता क्षेत्राची दिवसाची ५० डेसिबलची मर्यादा पाळली, तरी या कुजबुजीचा त्रास टळत नाही. गणपतीतल्या डॉल्बीने कानाचे होणारे नुकसान हा वेगळा विषय.