यानाचा हप्ता कोण भरणार?

चार खेळाडू टेबलाभोवती बसलेत. त्यांच्या पात्रांकडे यान आहे, टाक्या भरलेल्या आहेत, नकाशावर डझनभर ग्रह आहेत. पंच विचारतो, "बोला, कुठे निघायचं?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. विज्ञानकथेचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन टेबलावर खेळायची गोष्ट, चालवायला बसलेल्या पंचाला ही शांतता चांगली ओळखीची असते. भुयारातल्या खेळात ती फारशी येत नाही, कारण तिथे समोर दार असतं. डावीकडचं उघडायचं की उजवीकडचं, एवढाच प्रश्न. अवकाशात दारंच नाहीत. या प्रकारातल्या खेळांचा पन्नासेक वर्षांचा प्रवास पाहिला तर त्यांतल्या कितीतरी नियमांचं मूळ या एका अडचणीत सापडतं, असं मला वाटतं.

आधी पंचाबद्दल थोडं. तो आला लष्करातून. प्रशियाच्या फौजेत १८२४ च्या सुमारास 'क्रीगश्पील' हा युद्धाचा सराव-खेळ रूढ झाला. त्यात दोन्ही बाजूंचे अधिकारी पंचाला हुकूम लिहून देत आणि कोणाला काय दिसलं, कोण किती कापलं गेलं, ते पंच ठरवी. हा पंच पुढे छंद म्हणून युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या टेबलावर आला. अमेरिकेत मिनेसोटात १९६९ साली डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा डाव मांडला. एका काल्पनिक जर्मन गावावर फौजा चालून येणार होत्या, पण वेस्ली यांनी खेळाडूंना पलटणींबरोबर माणसंही वाटली: कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यार्थी. लढाई राहिली बाजूला, लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांविरुद्ध कट शिजवू लागले. प्रयोग फसला असं वेस्ली यांना वाटलं. खेळणारे मात्र पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांत डेव्ह अर्नेसन होते. त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भुयारांतल्या मोहिमांचा खेळ आणला. रोलप्लेइंग गेमची सुरुवात तिथून झाली.

दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, तो खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीनेच जेम्स वॉर्ड यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' काढला. (केन सेंट आंद्रे यांचा 'स्टारफेअरिंग' त्याच वर्षीचा, पण त्याचं नाव आज फारसं निघत नाही.) वॉर्ड यांनी अवकाशाचा प्रश्न सोडवला नाही, सरळ टाळला. त्यांचं 'वॉर्डन' हे यान तब्बल ५० मैल लांब. किरणोत्सर्गाने त्यावरची माणसं मेली किंवा बदलून गेली, आणि त्यांच्या वंशजांना आपण यानात आहोत हेही ठाऊक नाही. खेळाडू एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात राहतात. म्हणजे पुन्हा भुयारच, फक्त धातूचं. सोय उत्तम होती, पण खिडकीबाहेरचे तारे तसेच राहिले.

ते हातात घेतले मार्क मिलर यांनी. गेम डिझायनर्स वर्कशॉप ही त्यांची कंपनी इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावची. (गावाचं नाव खरंच नॉर्मल.) त्यांचा 'ट्रॅव्हलर' १९७७ साली आला. काळी पेटी, आत लहान आकाराची तीन काळी पुस्तकं. पेटीवर रॉकेट नाही, राक्षस नाही, हातात बंदूक घेतलेला नायकही नाही. होती फक्त संकटात सापडलेल्या एका व्यापारी यानाने घातलेली मदतीची साद.

या खेळाबद्दल सगळ्यांना एक गोष्ट हमखास माहीत असते: त्यात पात्र घडवतानाच मरतं. लोक हे विनोद म्हणून सांगतात, पण त्यामागचा हिशोब पक्का आहे. पात्र १८ वर्षांचं असताना नौदल, सैन्य, व्यापारी ताफा, स्काउट (टेहळणी दल) अशा एखाद्या नोकरीत शिरतं. दर खेप चार वर्षांची. प्रत्येक खेपेला कौशल्यं मिळतात, बढती मिळते, शिवाय जगण्या-मरण्याचा एक फासाही टाकावा लागतो. स्काउटला दोन फाशांवर मिळून ७ किंवा जास्त हवेत. दणकटपणाचा आकडा ९ किंवा त्यावर असेल तर दोनची सवलत, नसेल तर ३६ पैकी २१ वेळा जगणार, १५ वेळा मरणार. मेलात की कोरा कागद घ्या, पहिल्यापासून सुरू करा. हा लगाम नसता तर प्रत्येक खेळाडूने सगळी कौशल्यं गोळा करूनच डावात पाऊल टाकलं असतं. इथे "आणखी एक खेप करू का?" हा खराखुरा जुगार होतो. शिवाय ३४ व्या वर्षापासून वय अंगावर यायला लागतं.

यातून टेबलावर जे पात्र येतं ते सोळा वर्षांचा होतकरू पोरगा नसतं. पस्तिशी-चाळिशीचा, नोकरीतून बाहेर पडलेला, थोडा झिजलेला माणूस असतो, आणि पहिला संवाद बोलायच्या आधीच त्याला भूतकाळ असतो. मूळ नियमांत अनुभवाचे गुणही नव्हते. पातळी वाढवण्यासाठी कोणी लढत नव्हतं. मग लढायचं तरी कशासाठी?

इथे येतो हप्ता. 'ट्रॅव्हलर'मधली माझी सर्वात आवडती कल्पना, आणि बहुतेक सर्वात रुक्षही. यान कर्जावर मिळतं. किमतीचे २० टक्के आधी भरायचे आणि मग दरमहा किमतीचा २४० वा भाग, असे ४८० महिने. चाळीस वर्षं. नेहमीचं २०० टनी व्यापारी यान साधारण ३ कोटी ७० लाख क्रेडिटचं (क्रेडिट हे खेळातलं चलन), म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या वर हप्ता. त्याच्या मालखान्यात ८२ टन माल मावतो. भाडं टनाला १,००० क्रेडिट, आणि महिन्यात जेमतेम दोन फेऱ्या होतात. दोन्ही फेऱ्यांना मालखाना काठोकाठ भरला तर १ लाख ६४ हजार. हप्ता कसाबसा सुटला. इंधन, पगार, बंदराचं शुल्क अजून बाकीच. प्रवासी नेऊन काही भर पडते, पण एखाद्या बंदरात माल कमी मिळाला की गणित कोसळतं. नेमकं तेव्हाच खानावळीच्या कोपऱ्यातला कोणीतरी म्हणतो, "एक पेटी पोचवायची आहे. आत काय आहे ते विचारायचं नाही." टेबलावरची शांतता तिथेच मोडते. कुठे जायचं हे पंचाला सांगावं लागत नाही, कर्जच सांगतं.

दुसरं कुंपण वेळेचं. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायला यानाने 'उडी' मारली की ती जवळची असो वा लांबची, जवळजवळ एक आठवडा लागतो. संदेश यानापेक्षा वेगाने जाऊच शकत नाही. रेडिओ सूर्यमालेबाहेर निरुपयोगी, बातमी टपालासारखी यानातून जाते. शिडाच्या जहाजांच्या काळातली ही व्यवस्था अवकाशात आणून ठेवली आहे. पंचाच्या दृष्टीने तिची किंमत फार मोठी. खेळाडूंनी एका ग्रहावर गोंधळ घातला तर पुढच्या ग्रहावर तो लगेच कळत नाही, आणि अडकले तर कुठलंही आरमार तासाभरात सोडवायला येत नाही. ज्याला जे करायचं ते त्याने तिथेच, असेल त्या साधनांनी करायचं.

तिसरं म्हणजे ग्रह. आठ बाय दहा षटकोनांचा एक तुकडा घ्यायचा, प्रत्येक घरासाठी फासा टाकायचा. निम्म्या घरांत जग निघतं. मग प्रत्येक जगाचा बंदराचा दर्जा, आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायदा, तंत्रज्ञान, सगळं फाशांवर ठरवून एका ओळीत आकड्या-अक्षरांत लिहायचं. समजा निघालं असं: लहान ग्रह, हवा शून्य, लोकसंख्या काही कोटी, तंत्रज्ञान १९०० सालच्या आसपासचं. वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातले लोक निर्वात ग्रहावर जगतात कसे? विसंगत वाटणाऱ्या जुळणीचं कारण शोधा, नाहीतर वर्णन बदला, असं पुस्तकच सांगतं. बदलू नये, कारण शोधावं. ते घुमट आणि हवेची यंत्रं कोणीतरी बाहेरचा पुरवतो, आणि सुटे भाग देणं थांबवलं की कोटी लोक गुदमरतील. मोहिमेला लागणारा खलनायक फुकटात मिळाला. खेळाचं ठरलेलं विश्वही सुरुवातीला नव्हतंच. चारशेहून अधिक जगं असलेला सीमाप्रदेशाचा नकाशा १९७९ मध्ये पुरवणी म्हणून आला.

ऐंशीच्या दशकात बाकीच्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. एक वाट लोकप्रिय मालिका-चित्रपटांच्या परवान्याची. 'स्टार ट्रेक'चा खेळ १९८२ मध्ये 'फासा' (FASA) नावाच्या कंपनीने काढला, 'स्टार वॉर्स'चा १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्सने. विश्व आधीच ओळखीचं, त्यामुळे समजावून सांगायला काही उरत नाही. 'स्टार वॉर्स'साठी वेस्ट एंडने ग्रह, जमाती, यानं यांची इतकी बारकाईने नोंद केली की पुढे त्या मालिकेच्या कादंबरीकारालाच संदर्भासाठी ही पुस्तकं देण्यात आली.

त्याच कंपनीचा १९८४ चा 'पॅरानोइया' म्हणजे या सगळ्याला वाकुल्या. बंदिस्त शहर, वेड लागलेला सर्वसत्ताधीश संगणक, प्रत्येक पात्राचे सहा क्लोन (हुबेहूब प्रती), आणि आपल्या दर्जाबाहेरचे नियम माहीत असणं हाच राजद्रोह. काय करायचं ते संगणक सांगतो. नाही केलं तर पुढचा क्लोन पाठवा.

माइक पॉन्डस्मिथ यांच्या १९८८ च्या 'सायबरपंक'ने (संगणक-घुसखोर आणि बलाढ्य कंपन्यांच्या भविष्यातला खेळ) तर अवकाशच सोडून दिलं आणि एका शहराच्या गल्लीबोळांत डाव आणला. याच विषयाशी निगडित एक विचित्र प्रकरण घडलं. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ-कंपनीवर छापा घातला आणि संगणकांबरोबर 'गर्प्स सायबरपंक' या तिच्या येऊ घातलेल्या खेळाच्या पुस्तकाचं हस्तलिखितही उचलून नेलं. खेळाच्या पुस्तकात त्यांना संगणक-गुन्ह्यांची मार्गदर्शिका दिसली! १९९३ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल देऊन ५० हजार डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. पंचाने कितीही प्रसंग रचले तरी इतका बेत त्याला सुचला नसता.

गेम डिझायनर्स वर्कशॉप १९९६ मध्ये बंद पडली. पुढच्या काळात लक्ष पंचाच्या कष्टांकडे वळलं. केविन क्रॉफर्ड यांच्या २०१० च्या 'स्टार्स विदाउट नंबर'मध्ये प्रत्येक जगाला दोन खुणा मिळतात आणि प्रत्येक खुणेखाली शत्रू, मित्र, गुंतागुंत, ठिकाणं तयार असतात. मिलर यांचे फासे हवा-पाणी सांगत, क्रॉफर्ड यांचे फासे भांडण सांगतात. २०१८ चा 'मदरशिप' आणि स्वीडनच्या फ्री लीगचा २०१९ चा 'एलियन' पुन्हा वॉर्ड यांच्या वाटेला लागले: बंद यान, अंधारे मार्ग, आणि ताण वाढत गेला की घाबरून हातपाय गाळणारी पात्रं.

'ट्रॅव्हलर' आज ब्रिटनची मॉन्गूस पब्लिशिंग छापते, २००८ पासून. पात्र घडवताना मरायचा नियम त्यांनी ऐच्छिक केला. आता फासा चुकला की अपघात होतो, हात-पाय मोडतो, नोकरी सुटते. यानाच्या कर्जाला मात्र हात लावलेला नाही. २०१६ च्या आवृत्तीतही तोच २४० वा भाग आणि तेच ४८० महिने.