राजकारणातला पैसा रोखण्यासाठी लोकवर्गणी : शंका कुठून येते

निवडणुकीसाठी वर्गणी काढणे कोल्हापूर जिल्ह्याला नवे नाही. राजू शेट्टी यांच्या ‘एक व्होट, एक नोट’ या हाकेला ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी साथ दिली आणि २००९ ला ते हातकणंगलेतून लोकसभेत गेले. म्हणजे उमेदवारासाठी वर्गणी चालते. राजकारणातला पैसाच कमी करायला वर्गणी मागितली की मात्र जाणकार हात आखडता घेतात, आणि त्याला कारण आहे.

याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली. त्यावर उतारा म्हणून कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी मे २०१४ मध्ये ‘मेडे पॅक’ काढली, म्हणजे राजकारणातला पैसा कमी करू पाहणाऱ्या उमेदवारांच्या प्रचारावर बाहेरून खर्च करणारी समिती. पहिले दहा लाख डॉलर १३ दिवसांत जमले, ४ जुलैपर्यंत आणखी पन्नास लाख. लोकवर्गणीला जोड म्हणून बड्या देणगीदारांनी घातलेल्या रकमा धरून खर्च एक कोटी डॉलरवर गेला. पाठिंबा दिलेल्या आठ उमेदवारांपैकी दोघे जिंकले, आणि ते दोघे या पैशाविनाही निवडून येण्यासारखेच होते. मिशिगनमध्ये रिपब्लिकन खासदार फ्रेड अप्टन यांना पाडायला लाखो डॉलर ओतले, तरी ते आरामात जिंकले. सुधारणेची कळकळ असलेला मतदारही मत देताना पक्षच बघतो; जाहिरातींनी ते बदलले नाही.

आपल्याकडे गळती वेगळ्या ठिकाणी आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरला. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ च्या दुरुस्तीने पक्षखर्चाची ही सूट आवळली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास वगळलेलाच राहिला आणि पक्षाच्या एकूण खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. त्यामुळे विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख ही २०२२ ची मर्यादा एकट्या उमेदवाराला बांधते. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची अट काढली आणि देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आणले. ते थांबले १५ फेब्रुवारी २०२४ ला, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे. उमेदवाराची संपत्ती आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रात आले, तेही २००२-०३ च्या निकालांमुळे. या सुधारणा याचिकांनी झाल्या. अशा कामाला वर्गणी द्यायला आमची हरकत नाही. प्रचारसाहित्यासाठी मागितली तर आहे.

वर्गणी उमेदवाराकडे आली तरी हिशेब सोपा नसतो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. निवडणूक आयोगाच्या नोंदवहीत पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड आणि पिवळ्यावर बँक. प्रचारकाळात तिची तीनदा तपासणी होते आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो. एका व्यक्तीकडून रोखीने घ्यायची मर्यादा १० हजार. गडबड होते ती गुलाबी पानांवर: सभेत फिरवलेल्या झोळीत पडलेल्या नोटांना नाव नसते, आणि शे-दीडशे जणांची रक्कम एकाच ओळीत ‘लोकवर्गणी’ म्हणून चढते. मग त्याच ओळीत एखाद्या ठेकेदाराची रक्कम सहज लपते. ऑनलाइन वर्गणीत नाव-पत्ता राहतो, हा तिचा खरा फायदा. पण तो टिकवावा लागतो. आम आदमी पक्षाने २०१३ ला दिल्लीसाठी २० कोटी जमताच देणग्या घेणे थांबवले होते. त्याच पक्षाने पुढे २०१६ मध्ये देणगीदारांची यादी संकेतस्थळावरून काढली.

आणखी एक अडचण फारशी कुणी सांगत नाही. ‘मेडे पॅक’सारखा बाहेरून प्रचारखर्च करणे इथे गुन्हा आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या विजयासाठी जाहिरात वा सभेवर खर्च केला, तर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या १७१-ह कलमाखाली ५०० रुपयांपर्यंत दंड होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ ने तो १० हजारांपर्यंत नेला. परवानगी घेतली की तो खर्च उमेदवाराच्या ४० लाखांत मोजला जातो. म्हणून पावती फाडण्याआधी विचारा: पैसे कुणाच्या खात्यात जाणार, न्यायालयात की प्रचारात, आणि नावानिशी हिशेब कधी जाहीर होणार? आयकर सवलतीचे आमिष दाखवले, तर ती सवलत फक्त पक्ष आणि निवडणूक न्यास (देणग्या गोळा करून पक्षांना देणाऱ्या संस्था) यांना दिलेल्या देणगीवर मिळते, अपक्षाला दिलेल्या नाही, आणि रोख देणगीवर सवलत मिळत नाही.