मॅग्नेटाइट आणि शून्यसंयुजी लोह: रंग एक, रसायन वेगळे

दूषित पाण्यातील जड धातू काढण्यासाठी लोहाचे नॅनोकण वापरतात असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा दोन भिन्न पदार्थ एकाच नावाखाली येतात. पहिला मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे काळे ऑक्साइड. दुसरा शून्यसंयुजी लोह, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग न झालेले धातुरूप लोह. दोन्ही भुकट्या काळ्या असतात आणि दोन्ही चुंबकाकडे खेचल्या जातात, त्यामुळे चुंबक लावून त्यांची ओळख पटत नाही. त्यातच धातुरूप लोहाच्या कणावर ऑक्साइडचे पातळ कवच चढलेलेच असते, म्हणजे वरवर पाहता दोघांचा पृष्ठभागही सारखाच.

मॅग्नेटाइटचे काम मुख्यतः अधिशोषणाचे, म्हणजे पदार्थ पृष्ठभागावर चिकटवून धरण्याचे आहे. सुमारे १० नॅनोमीटर व्यासाच्या कणांच्या एका ग्रॅममध्ये १०० चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मिळतो आणि त्यावरील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) आर्सेनिक किंवा शिसे धरून ठेवतात. ही पकड पाण्याच्या सामूवर (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) अवलंबून असते: सामू कमी असताना पृष्ठभागावर धन प्रभार येतो व ऋण प्रभाराचे आर्सेनेट (पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकचे एक रूप) चांगले चिकटते, सामू वाढला की आर्सेनेट सुटू लागते आणि शिशाची पकड सुधारते. म्हणूनच आर्सेनिकने भरलेले कण सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन पुन्हा वापरता येतात. मात्र पाण्यात फॉस्फेट असेल तर ते त्याच जागांसाठी आर्सेनेटशी स्पर्धा करते, आणि प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यावर मिळालेले आकडे विहिरीच्या पाण्यावर टिकत नाहीत. अशा आकड्यांवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

शून्यसंयुजी लोह धातूला केवळ धरत नाही, त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे रूपच बदलते. विद्राव्य, विषारी, पिवळसर क्रोमियम-६ चे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, क्रोमियम-३ बनते आणि ते हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्यात उतरते. पारा व तांबेही धातुरूपात येऊ शकतात. जस्ताचे क्षपण मात्र लोहाला जमत नाही, ते फक्त बाहेरच्या कवचावर चिकटते. या कामात लोह स्वतः गंजून संपते, त्यामुळे धुऊन पुन्हा वापरण्याचा प्रश्नच उरत नाही. कोरडी बारीक भुकटी हवेत पेटूही शकते, म्हणून ती जपून साठवावी लागते.

यावरून वापराची जागा ठरते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये एलिझाबेथ सिटी येथे १९९६ मध्ये क्रोमियमयुक्त भूजलाच्या वाटेत लोहाच्या कणांची भिंत जमिनीत उभारण्यात आली. ते कण नॅनो नव्हते, पण रसायन हेच होते. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी मात्र ऑक्साइडच्या कुळातील पदार्थ सोयीचे ठरतात, आणि आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘अमृत’ तंत्रात लोहाचे नॅनोरचित ऑक्सिहायड्रॉक्साइड वापरले आहे. कण सुटे न ठेवता कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळ्यात बांधल्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून जात नाहीत.

तरीही सीमारेषा काटेकोर नाही. मॅग्नेटाइटमध्ये द्विसंयुजी लोहही (आणखी एक इलेक्ट्रॉन देऊ शकणारे लोह) असल्यामुळे तेही थोड्या क्रोमियम-६ चे क्षपण करते. परंतु पृष्ठभागावर ऑक्सिडीकृत थर साचला की ही क्रिया मंदावते आणि उरते ते केवळ अधिशोषण.