फिलामेंटेशन (हवेतल्या लेसर पल्सचं मॉडेलिंग)

फेमटोसेकंद (सेकंदाचा दशलक्ष अब्जावा भाग) लेसरचा दणकट पल्स हवेत सोडला की तो पसरायचं सोडून आपणच आकसतो, साधारण १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढा दोरा होतो आणि तसाच कित्येक मीटर जातो. हा फिलामेंट. स्वतःच फोकस होणं सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आस्कार्यानने १९६२ला मांडलं असं धरतात, काहीजण १९६४चा चाओ-गारमायर-टाउन्सचा पेपर पुढे करतात, पण आस्कार्यानची कल्पना त्याच्या आधीची. हवेत हे दिसलं ते १९९५च्या सुमारास, मिशिगनमध्ये.

पॉवर ठराविक हद्दीपलीकडे गेली की हवाच भिंग होते, याला केर इफेक्ट म्हणतात. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीला ही हद्द ३ गिगावॅटच्या आसपास, काही मोजणीत १०पर्यंत. हवा विरळ तशी हद्द वर, म्हणून ७५० मीटरवरच्या बेळगावात ती किनाऱ्यापेक्षा ७-८ टक्के जास्त धरावी लागेल, इथे बसून समुद्रसपाटीचे आकडे तसेच टाकले तर फोकस चुकीच्या जागी येणार बघा.

मग आकसणं थांबतं कशानं? खरं भांडण इथंच. जुनं उत्तर प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनची हवा: ऑक्सिजनचा रेणू एका दमात ८ फोटॉन गिळून इलेक्ट्रॉन सोडतो आणि ते इलेक्ट्रॉन प्रकाशाला परत फाकवतात. २००९-१०मध्ये फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या गटांनी म्हटलं की प्रकाश फार तीव्र झाला की केरच्याच सूत्रातल्या वरच्या पदांची चिन्हं उलटतात, म्हणजे हवा गोळा करायच्या ऐवजी फाकवायला लागते, प्लाझ्माची गरजच नाही, आणि त्यावरून दोन-तीन वर्षं नुसता कल्ला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या मोजणीत चिन्ह उलटलेलं दिसलं नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये प्लाझ्माच ठेवलेला बरा.

पल्स पुढे कसा सरकतो हे काढायचं समीकरण नॉनलिनियर श्रोडिंगरचं, किंवा पल्स फारच आखूड असला तर कोलेसिक-मोलोनींचं एकदिशा समीकरण. बीम गोल धरला तर गणित करायचे त्रिज्येवर १००० आणि वेळेवर २००० ठिपके, म्हणजे ३२ एमबी, लॅपटॉपवर चालतं. पण एका बीमचे अनेक दोरे फुटताना बघायचे तर आडवे-उभे २०००-२००० ठिपके घ्यावे लागतात, वेळेचे २००० तसेच, मेमरी जाते १२८ जीबीवर आणि मध्येच लाइट गेली की रन पहिल्यापासून.

पावसाळ्यात चोर्ला घाटात धुक्यात हेडलाइट दोन हातांवर विरतो, फिलामेंटचं तसं होत नाही. मध्ये दोऱ्याएवढाच थेंब आला तरी भोवतीच्या फिकट प्रकाशात बरीच एनर्जी शिल्लक असते, तिच्यातून पुढे दोरा परत जुळतो.